सांध्यातील चाळणी : आरसीसी कॉलमविषयी एक संवाद

प्रबलित काँक्रीटचा स्तंभ, ज्याला बांधकामाच्या जागेवर सर्वजण कॉलम म्हणतात, हा इमारतीच्या सांगाड्यातील सर्वांत निमूट घटक आहे. स्लॅब झुकला तर छताला तडा दिसतो, तुळई वाकली तर तिच्या पोटाला भेगा पडतात आणि घरातली माणसे सावध होतात. कॉलम मात्र दाबाखाली निकामी होऊ लागला की सूचना आणि पतन यांत फारसे अंतर उरत नाही, आणि तो गेला की त्याच्यावर विसावलेले सर्व मजले त्याच्याबरोबर जातात. अशा या घटकाची घडण दोन ठिकाणी होते. एक घडण कार्यालयातील कागदावर, जिथे भार, आघूर्ण आणि सळयांची संख्या ठरते; दुसरी सेंटरिंगच्या फळ्यांआड, जिथे खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी यांचा माल सळयांच्या जंजाळातून वाट काढत खाली जातो आणि तो कुठवर पोहोचला हे फळ्या निघेपर्यंत कोणालाच दिसत नाही.

आपल्याकडील शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडू न देण्याची जी शिस्त आहे, ती या विषयाला विशेष उपयोगी आहे. कारण जागेवर अभियंता आणि मिस्त्री यांचे बोलणे बहुधा अर्धवट राहते, एकाला परत जायची घाई असते आणि दुसऱ्याला प्रश्न विचारायचा संकोच. पुढील संवादातील आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे सांगाड्याचे गणित करून सळयांची रेखाचित्रे देणारा अभियंता, आणि कॉलम भरणारा मिस्त्री हे दोघेही प्रातिनिधिक आहेत. उदाहरणाची मापे मात्र ठरवून घेतली आहेत, कारण मापांशिवाय हा वाद हवेतच राहतो. इमारत पुण्यातील आठ मजली निवासी. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे आणि मुंबई ही शहरे भूकंप क्षेत्र तीनमध्ये येतात, म्हणून तिथे काँक्रीटचे सर्वसाधारण मानक ४५६ पुरेसे नसते. त्याच्या जोडीला १३९२० हे मानक लागते, ज्याचा हेतू सांगाड्याला तन्यता देणे, म्हणजे हादऱ्यात तो एकाएकी न तुटता वाकून तग धरील असे पाहणे, हा आहे. कॉलम ४०० मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद, त्यात २० मिलिमीटर व्यासाच्या ८ सळया. काँक्रीट एम २५ प्रतीचे, म्हणजे ज्याच्या १५० मिलिमीटरच्या घनाची २८ दिवसांनंतरची अपेक्षित ताकद दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन आहे. मजल्याची उंची ३ मीटर. आणि चारही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या तुळया २३० मिलिमीटर रुंद व ६०० मिलिमीटर खोल. तुळईची ही रुंदी २३०च का, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवावा. सगळी अडचण शेवटी तिथेच येऊन ठेपते.

वादाला तोंड फुटते ते पाण्यावरून, आणि ते स्वाभाविक आहे. जागेवर सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू पाणीच असते.

अभियंता : "मिस्त्री, या कॉलमची दाब सोसण्याची क्षमता मानकाच्या सूत्राने काढली तर, सुरक्षिततेचे गुणक धरून, सुमारे २,४०० किलोन्यूटन येते आणि तिच्यातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा काँक्रीटचा आहे, सळयांचा नव्हे. काँक्रीटची ताकद २५ ऐवजी १५ भरली तर क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटते. आता मध्यम तीव्रतेच्या हवामानासाठी पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण ०.५० च्या वर जाऊ नये असे मानक सांगते, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी. मिक्सरवर उभा असलेला माणूस माल घट्ट वाटला की ५ लिटरचा एक डबा जास्त ओततो आणि त्या एका डब्याने प्रमाण ०.६० होते. डफ एब्रॅम्स याने १९१८ मध्ये शिकागोतून प्रसिद्ध केलेला नियम आजही टिकून आहे : इतर गोष्टी सारख्या असतील तर काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते, आणि ते गुणोत्तर वाढले की ताकद उतरते. सिमेंटची रासायनिक क्रिया पुरी व्हायला त्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के पाणी पुरते. वरचे पाणी पुढे उडून जाते आणि आपल्या जागी सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते."

मिस्त्री : "हे सारे मान्य आहे, साहेब. पण घट्ट माल कॉलममध्ये मधेच अडकला आणि खाली पोकळी राहिली, तर त्या पोकळीची ताकद किती धरायची? पातळ मालाची ताकद कमी असेल, तरी तो तळापर्यंत पोहोचतो. कमी ताकदीचे काँक्रीट आणि नसलेले काँक्रीट यांतून एक निवडायची वेळ आली, तर हात पाण्याच्या डब्याकडेच जाणार. पाणी कोणी हौसेने घालत नाही. उन्हाळ्यात माल घमेल्यातच आवळतो, तयार काँक्रीटची गाडी शहराच्या गर्दीत अडकून उशिरा येते, आणि आलेला माल परत पाठवायचा अधिकार मिस्त्रीला कोणी दिलेला नाही."

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मिस्त्रीचे विधान अज्ञानातून आलेले नाही. ते एका खऱ्या पेचाचे वर्णन आहे, आणि बांधकामाच्या पाठ्यपुस्तकांत हा पेच जितका दिसायला हवा तितका दिसत नाही. काँक्रीटला दोन गुण एकाच वेळी हवे असतात : ओतताना ते वाहिले पाहिजे आणि मुरल्यावर ते घट्ट झाले पाहिजे. पाणी पहिला गुण देते आणि दुसऱ्याची किंमत वसूल करते. ही वाहण्याची क्षमता स्लंप नावाच्या चाचणीने मोजतात : ३०० मिलिमीटर उंचीच्या, वरून निमुळत्या साच्यात माल भरून साचा उचलला की ढीग जितका खचतो तितका त्याचा स्लंप. सळयांची दाटी असलेल्या कॉलमसाठी ७५ ते १०० मिलिमीटर स्लंप सर्वसाधारणपणे योग्य मानतात, आणि पाणी न वाढवता तो मिळवण्याचा मार्ग म्हणजे सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून घातले जाणारे रसायन. अभियंत्याचे उत्तर हेच असते आणि ते बरोबर असते; परंतु ते रसायन मोजून घालायला लागणारे माप, आणि मोजणाऱ्याला दिलेला अवधी, या दोन गोष्टी रेखाचित्रावर लिहिलेल्या नसतात.

अभियंता : "पाण्यापुरते तुमचे गाऱ्हाणे रसायनाने मिटेल. रिंगांचे काय? कॉलमच्या उभ्या सळयांना जागोजागी कवेत घेणाऱ्या आडव्या रिंगा रेखाचित्रात दाखवल्या तशा बांधलेल्या क्वचितच दिसतात. त्यांची दोन्ही टोके १३५ अंशांत, म्हणजे कोपऱ्यातील सळईला वळसा घालून आत कॉलमच्या गाभ्याकडे वळलेली हवीत आणि वळल्यानंतरची शेपटी रिंगेच्या व्यासाच्या ६ पट, पण किमान ६५ मिलिमीटर हवी. प्रत्यक्षात टोके ९० अंशांत वळवून मोकळी होतात. रिंग म्हणजे सळया जागेवर धरायची दोरी, एवढेच तिचे काम आहे अशी समजूत दिसते."

मिस्त्री : "९० अंशांची रिंग उभ्या सळयांवर बाजूने चढते, साहेब, १३५ ची वरून ओवत खाली न्यावी लागते. उभ्या सळया डोक्यापेक्षा दीड माणूस उंच असताना ती ओवणे म्हणजे काय, हे एकदा पाहण्यासारखे आहे. शिवाय रिंग तर बंद झालेली दिसते. टोक थोडे कमी वळले म्हणून कॉलम पडेल, हे कामगाराला पटणार कसे?"

अभियंता : "पटवण्यासाठी रिंग काय करते ते सांगावे लागेल. कॉलमवर मोठा दाब आला की आतले काँक्रीट आडवे फुगू पाहते, आणि बारीक उभी सळई दाबाखाली बाहेर वाकू पाहते. रिंग या दोन्ही गोष्टी रोखते, आणि भूकंपात कॉलम आडवा कापला जाऊ नये म्हणूनही तीच झुंजते. काँक्रीटच्या गाभ्याला असा पट्टा आवळला की त्याची सोसण्याची शक्ती वाढते, ही गोष्ट फ्रेंच अभियंता आर्मां कोन्सिदेर याने विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवली. आता भूकंपात पहिल्यांदा गळते ते रिंगेबाहेरचे काँक्रीटचे आवरण. ९० अंशांच्या टोकाला अडवून धरणारे तेवढे आवरणच असते. ते गळाले की टोक उलगडते, रिंग सुटते आणि जिची नेमकी त्या क्षणी गरज असते ती नाहीशी होते. आत गाभ्यात रुतलेले टोक आवरण गेल्यावरही धरून राहते."

या म्हणण्याला इतिहासाचा जो आधार आहे, तो एकाच इमारतीत शेजारी शेजारी पाहायला मिळाला. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो खोऱ्यात भूकंप झाला तेव्हा तेथील ऑलिव्ह व्ह्यू हे नव्याने बांधलेले रुग्णालय खालच्या मजल्यावर बाजूला सरकले. त्या मजल्यावरचे जे कॉलम सळईच्या अखंड सर्पिल वेटोळ्यांनी आवळलेले होते, त्यांचे आवरण झडून गेले तरी गाभा उभा राहिला, आणि ज्यांना विरळ सुट्या रिंगा होत्या त्यांचा चुरा झाला. भारतात २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला वाहनांसाठी भिंतींविना मोकळा ठेवलेला होता, म्हणजे हादऱ्याचा सारा भार उघड्या कॉलमांच्या डोक्याशी आणि पायाशी एकवटला होता. म्हणूनच १३९२० कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा दाट मागते. येथे घेतलेल्या कॉलमला तुळईच्या तळाखाली आणि फरशीच्या वर प्रत्येकी ४५० मिलिमीटर उंचीत दर १०० मिलिमीटरला एक रिंग येते, मधल्या भागात ती २०० वर जाऊ शकते. कॉलमच्या चार कोपऱ्यांना कवेत घेणारी रिंग एकटीही पुरत नाही, कारण तिच्या समोरासमोरच्या दोन बाजूंतले अंतर ३१२ मिलिमीटर भरते आणि मानकाची मर्यादा ३०० आहे. म्हणून मधल्या सळयांना धरणारी आडवी कडी किंवा चौकटीत तिरकी बसणारी डायमंड रिंग जोडावी लागते.

सळयांच्या जोडाविषयी, ज्याला जागेवर ओव्हरलॅप म्हणतात, दोघांचे मतभेद थोडक्यात सांगता येतात. सोय फरशीलगत जोड देण्यात आहे, कारण स्लॅबच्या वर साधारण मीटरभर सळई ठेवली की पुढचे काम हाताशी येते. मानक मात्र जोड मजल्याच्या मधल्या अर्ध्या भागात आणि एका ठिकाणी निम्म्याहून अधिक सळयांचा नको म्हणते, कारण फरशीलगतच भूकंपाचे वाकण सर्वाधिक असते. त्याचा परिणाम असा की निम्म्या सळया एका मजल्यावर तर निम्म्या पुढच्या मजल्यावर जोडाव्या लागतात आणि काही सळया स्लॅबच्या वर माणसाच्या दुपटीहून उंच डोलत राहतात. त्यांना तात्पुरत्या चौकटीने धरले नाही तर त्या ओळंब्यातून जातात, आणि ओळ चुकलेली सळई पुढच्या दिवशी पाइप लावून जबरदस्तीने वाकवली जाते. मिस्त्रीचा येथला आक्षेप त्रासाविषयीचा आहे, तत्त्वाविषयीचा नाही. त्रास खरा असला तरी चौकट बांधून तो सुटतो.

जो त्रास चौकट बांधून सुटत नाही तो सांध्यात आहे. सांधा म्हणजे कॉलम आणि तुळया यांची समाईक जागा, तुळईच्या तळापासून स्लॅबच्या माथ्यापर्यंतचा घन. कॉलम साधारणपणे तुळईच्या तळाशी थांबवतात आणि सांधा स्लॅबबरोबर भरतात, त्यामुळे कॉलम भरणारा त्याला स्लॅबचा भाग मानतो, स्लॅब भरणारा त्याला कॉलमचा मानतो, आणि कॉलमच्या रिंगा तुळईच्या तळाशी येऊन संपतात.

अभियंता : "सांध्यात रिंगा नाहीत हा दोष सर्वांत गंभीर आहे. हादऱ्यात तुळईच्या वरच्या सळया एका बाजूला ओढल्या जातात आणि खालच्या दुसऱ्या बाजूला, त्यामुळे मधला काँक्रीटचा चौकोन तिरका ताणला जातो आणि कर्णरेषेत फाटतो. तुळई ६०० मिलिमीटर खोल आहे. दर १०० मिलिमीटरला एक धरली तरी पाच-सहा रिंगा तिथे हव्यातच. एकही दिसत नाही."

मिस्त्री : "साहेब, आता रेखाचित्र समोर ठेवून एक हिशेब करू. तुळई २३० रुंद. दोन्ही बाजूंचे आवरण ३०-३० मिलिमीटर, तुळईच्या रिंगेचे दोन पाय ८-८ चे. उरले १५४. त्यात वरच्या थरात २० मिलिमीटरच्या ४ सळया दाखवल्या आहेत, त्यांनी ८० खाल्ले. उरलेले ७४ तीन फटींत वाटले तर एक फट २५ मिलिमीटरही भरत नाही. हे झाले एका दिशेचे. दुसऱ्या दिशेची तुळई तशाच ४ सळया घेऊन आडवी येते. म्हणजे कॉलमच्या डोक्यावर २५ मिलिमीटरच्या आतल्या चौकोनांची जाळी बसली. खडी आहे २० मिलिमीटरची. वाळू चाळायची चाळणी आणि ही जाळी यांत फरक कोणता? वरून माल ओतला की खडी जाळीवर थांबते आणि सिमेंट-वाळूचा पातळ भाग तेवढा खाली उतरतो. ४० मिलिमीटरची नीडल, म्हणजे मालातली हवा काढायला आत घालायचे व्हायब्रेटरचे टोक, त्या फटीत शिरतच नाही. याच्या आत आणखी सहा रिंगा आणि त्यांच्या मधल्या कड्या बसवल्या, तर सांधा लोखंडाने भरेल, काँक्रीटने नाही. मग पाण्याचा डबा उचलला म्हणून दोष कोणाचा?"

या ठिकाणी अभियंत्याने निरुत्तर होणे योग्य आहे, आणि त्याचा पराभव त्याच्याच मानकाने केला आहे. कारण ४५६ स्वतः सांगते की खडीचे मोठ्यात मोठे माप मुख्य सळयांमधील फटीपेक्षा किमान ५ मिलिमीटरने लहान असावे, म्हणजे २० मिलिमीटरच्या खडीला २५ मिलिमीटरची फट ही शेवटची सीमा आहे आणि प्रस्तुत रेखाचित्र ती काठावरच ओलांडते. सळईचा व्यास नाममात्र असतो. तिच्या अंगावरचे उंचवटे, वाकण आणि बांधणीच्या तारेची गाठ यांना कागदावर जागा दिलेली नसते. फट २५ दाखवली तर जागेवर ती २० उरते. त्यातच दोन्ही तुळयांच्या सळया एका पातळीत राहू शकत नाहीत, एकीला दुसरीखालून जावे लागते, आणि या ढकलाढकलीत कॉलमच्या उभ्या सळया फळीकडे सरकतात. ४० मिलिमीटरचे आवरण मग एका बाजूला १५ वर येते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत किंवा मुंबईच्या दमटपणात हेच पातळ आवरण पुढे सळईला गंज चढवते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अनेकपट जागा मागत काँक्रीट आतून फोडतो.

काँक्रीटच्या घनांची चाचणी हा दोष कधीच पकडत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. घन भरले जातात मिक्सरजवळ, साच्यात एकही सळई नसताना, ठोकून ठोकून. ते मालाची परीक्षा घेतात, कॉलमची नव्हे. मानकाला हे ठाऊक आहे : शंका आल्यास भरलेल्या काँक्रीटमधून नळीसारखा गाभा कापून तपासताना, नमुन्यांची सरासरी अपेक्षित घनशक्तीच्या ८५ टक्के आणि एकेक नमुना ७५ टक्के भरला तरी ते स्वीकारावे अशी तरतूद आहे, म्हणजे साच्यातले आणि सांगाड्यातले काँक्रीट सारखे नसते याची कबुलीच त्यात दिली आहे. परंतु सांध्यातून गाभा कापायला कोणी जात नाही. तिथे करवतीच्या वाटेत सळयाच आडव्या येतात. फळ्या काढल्यावर तिथे मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे, ज्यांना जागेवर हनीकोंब म्हणतात, दिसलीच तर संध्याकाळपर्यंत सिमेंटचा हात फिरवून ती झाकली जातात. ही लपवाछपवी मात्र कोणत्याही पेचाने क्षम्य ठरत नाही, आणि या एका बाबतीत मिस्त्रीच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही.

अभियंता : "फटीचा हिशेब बरोबर आहे, तो कार्यालयातच व्हायला हवा होता. पण रिंगा सोडणे हे त्याचे उत्तर नाही आणि पाणी हेही नाही. तुळई रुंद करू. २३० ऐवजी ३०० घेतली तर त्याच ४ सळयांमधली फट जवळजवळ ४८ मिलिमीटर होते; खडी उतरते आणि ४० ची नीडलही शिरते. यातून आणखी एक सवलत मिळते. आतल्या कॉलमला चारही बाजूंनी तुळया भिडत असतील आणि प्रत्येकीची रुंदी कॉलमच्या रुंदीच्या किमान तीन चतुर्थांश असेल, तर सांध्याला त्या तुळयाच बाहेरून आवळतात, म्हणून १३९२० तेथील रिंगांचे प्रमाण निम्म्यावर आणू देते आणि अंतर १५० मिलिमीटरपर्यंत वाढवू देते. ४०० च्या कॉलमला ३०० ची तुळई नेमकी तीन चतुर्थांश भरते. २३० ची भरत नव्हती. म्हणजे ७० मिलिमीटर रुंदी वाढवली की सळयांची दाटी आणि रिंगांची संख्या दोन्ही एकदम कमी होतात."

मिस्त्री : "मग ती आधीच ३०० का नव्हती?"

या साध्या प्रश्नाचे उत्तर दोघांपैकी कोणाच्याही शास्त्रात नाही. २३० हे माप अभियांत्रिकीचे नसून भिंतीचे आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीची ती जाडी. तुळई आणि कॉलम भिंतीतच लपावेत, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काही डोकावू नये, कपाट भिंतीला सपाट टेकावे, ही घर घेणाऱ्याची आणि म्हणून विकणाऱ्याची अपेक्षा, आणि तिच्यासाठी महाराष्ट्रातील शहरांत पिढ्यान् पिढ्या २३० मिलिमीटर जाडीचे पट्टीसारखे कॉलम उभे राहिले. २०१६ च्या १३९२० ने अशा कॉलमांची वाट जवळजवळ बंद केली. कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर आणि तुळईच्या सर्वांत जाड सळईच्या व्यासाच्या किमान २० पट असावी असे त्याने सांगितले. २० मिलिमीटरच्या सळयांमुळेच येथला कॉलम ४०० चा झाला आहे. कॉलम मोठा झाला, पण तुळईचे माप जुन्या सवयीने तसेच राहिले, आणि एका जागी अर्धवट पाळलेला नियम दुसऱ्या जागी चाळणी होऊन बसला. अभियंता आणि मिस्त्री ज्या भांडणात एकमेकांना बेजबाबदार ठरवतात, त्याचा मोठा हिस्सा अशा रीतीने तिसऱ्याच, तिथे हजर नसलेल्या, पक्षाने निर्माण केलेला असतो. आणि भिंतीबाहेर दोन बोटे येणाऱ्या तुळईला जो आग्रहपूर्वक नकार देतो, त्याला आपण सांध्यातली खडी अडवत आहोत हे कोणी सांगितलेले नसते.

तुळई रुंद झाली तरी रिंगा आत बसवायच्या कशा, हा प्रश्न उरतोच. प्रचलित पद्धतीत तुळईचा सळयांचा पिंजरा फळ्यांच्या वर टेकूवर बांधतात आणि पुरा झाल्यावर खाली सोडतात. त्या वेळी सांध्यात कोणी रिंगा ओवल्याच असतील तर त्या सर्व तळाशी एकावर एक गोळा होतात. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून प्राध्यापक सी. व्ही. आर. मूर्ती यांनी लिहिलेल्या भूकंपविषयक छोट्या टिपणांत या कामाचे तीन टप्पे दाखवले आहेत : आधी तुळईच्या वरच्या सळया न घालता सांध्याच्या रिंगा एकावर एक रचून ठेवणे, मग वरच्या सळया ओवून पिंजरा फळ्यांत उतरवणे, आणि शेवटी रिंगा एकेक करून आपापल्या उंचीवर उचलून तारेने बांधणे.

मिस्त्री : "हे तिसरे काम पिंजरा खाली गेल्यावर वरून हात घालून करायचे आहे, साहेब. बारीक हाताचा फिटर असेल तरच होते. त्यापेक्षा रिंगा आधीच दोन पातळ उभ्या सळयांना ठरल्या अंतरावर शिडीसारख्या बांधल्या आणि ती शिडी पिंजऱ्याबरोबरच खाली सोडली, तर अंतर हलत नाही आणि आत हात घालावा लागत नाही. सांध्यापुरता माल १० मिलिमीटरच्या खडीचा मागवला तर तोही बिनबोभाट उतरतो."

अभियंता : "शिडीची सूचना रेखाचित्रात येईल आणि बारीक खडीचीही. कडेच्या आणि कोपऱ्यातील कॉलमांना मात्र चारही बाजूंनी तुळया नाहीत, म्हणून तिथे सवलत लागू नाही. तिथे दर १०० मिलिमीटरला रिंग लागेलच, आणि भूकंपात कोपऱ्यातलेच कॉलम दोन्ही दिशांनी एकदम ओढले जातात."

मिस्त्री : "कोपऱ्याच्या रिंगा बांधू. पण फिटरची मजुरी किलोवर ठरलेली आहे. एका सांध्याच्या सगळ्या रिंगा मिळून दहा किलोही भरत नाहीत, आणि त्या नीट बसवायला अर्धा दिवस जातो. तेवढ्या वेळात तो स्लॅबच्या सळया अंथरून कित्येक पट वजन मोजून घेतो. अर्ध्या दिवसाचे पैसे कागदावर कुठेच नाहीत, म्हणून त्या रिंगा सांध्यात कुठेच नाहीत."

अभियंत्याने यावर जे सुचवले ते त्याच्या शाखेच्या परंपरेत सहसा येत नाही. दरपत्रकात, जिथे लोखंडाचे काम टनाच्या हिशेबाने एका ओळीत संपते, तिथे सांध्यांची एक स्वतंत्र ओळ असावी आणि तिचे मोजमाप वजनाने न करता नगाने करावे : आतला सांधा इतके नग, कडेचा इतके, कोपऱ्याचा इतके, प्रत्येकाचा दर वेगळा, आणि प्रत्येक नग फळी लावण्यापूर्वी रिंगा, टोकांचे वळण, आवरणाचे ठोकळे आणि फटी डोळ्यांनी पाहून मोजलेला असावा. मिस्त्रीने त्यात एकच दुरुस्ती केली. मोजणी स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी असू नये. तोवर पंपाची वेळ ठरलेली असते आणि चुकलेला सांधा उघडायला कोणी परवानगी देत नाही. तुळईची एक बाजूफळी उघडी असतानाच, पिंजरा उतरला त्याच दिवशी, अभियंत्याने वर यावे.

ही दुरुस्ती मान्य झाली. तुळईच्या ३०० मिलिमीटर रुंदीचा निर्णय मात्र त्या दोघांच्या हातात नव्हता; तो वास्तुविशारदाकडे आणि विकासकाकडे गेला, आणि त्याच्यासोबत सांध्याचे पूर्ण मापातले एक रेखाचित्र गेले, ज्यात प्रत्येक सळई रेघेने न दाखवता तिच्या खऱ्या जाडीने काढलेली होती आणि दोन सळयांमधल्या फटीत २० मिलिमीटरच्या खडीचा एक दाणा रेखाटलेला होता.